एक्केचाळीस

विमानांच्या लढाईच्या ऑनलाइन गेममध्ये मी एकाला पाडलं, तर चॅटमध्ये त्याने एवढंच टाइप केलं होतं. "४१". मागेपुढे काही नाही. शिवी नाही, 'जीजी' म्हणजे 'गुड गेम' नाही, रडारड नाही. ज्याला आत्ताच पाडलंय त्याच्याकडून यातलं काहीतरी येणार याची सवय झालेली असते, त्यामुळे नुसता आकडा बघून मी जरा गोंधळलो आणि मग उडत राहिलो.

रात्रीचा दीड वाजला असेल. मॅप मॉस्कोचा, साल १९४१, खाली सगळं पांढरंशुभ्र. मी जर्मन फायटर, बीएफ-१०९ एफ, घेऊन चार हजार मीटरवर होतो, सूर्य पाठीशी, इंजिन निवांत गुरगुरतंय. अर्ध्या तासात कोणी दिसलं नव्हतं आणि मॉनिटरवर ठिपका शोधून शोधून डोळे चुरचुरायला लागले होते. सिम, म्हणजे खऱ्यासारखं विमान उडवायचा गेम, न खेळणाऱ्यांना हे सांगून पटत नाही की या सगळ्या प्रकारात मारामारी थोडी आणि ठिपके शोधणंच जास्त असतं. तर शेवटी एक ठिपका दिसला, शत्रूच्या धावपट्टीच्या टोकाला, नुकताच वर उठलेला. बुटकं, ढोलकीसारखं नाक, म्हणजे रशियन आय-१६. आणि ते डुलत होतं. नाक वर, नाक खाली, परत वर, परत खाली, सायकल शिकणारं पोर हँडल सांभाळत जातं ना तसं. मला वाटलं नवखा आहे, किंवा लॅग आहे. थ्रॉटल मागे घेतला, विमान पाठीवर टाकलं आणि खाली सोडलं. वेगाचा काटा साडेसहाशेच्या पुढे गेला तसं विमान जड झालं, ट्रिमचं चाक फिरवत फिरवत नाक त्याच्यावर आणलं, एक सेकंदसुद्धा दाबलं नसेल, त्याचा डावा पंख मुळापासून गेला. बर्फात काळा डाग. मी त्याच वेगाने परत वर. त्याने मला पाहिलंच नव्हतं, आणि खरं तर तसंच असावं लागतं, या खेळात आणि खऱ्या लढाईतही बहुतेकांना मारणारा दिसायचाच नाही.

मग ते "४१".

मला वाटलं तो सालाबद्दल बोलतोय. म्हणजे बघा, १९४१ चा मॅप, रशियन बाजूला जुनी विमानं, समोर एफ मॉडेलचं १०९. वेगात शंभर किलोमीटरच्या आसपास फरक. त्या बाजूने उडणारे लोक वैतागून असं म्हणतात नेहमी, की अरे हे ४१ आहे, इथे काय होणार. तर मी आपला शहाणपणा करत उत्तर दिलं, "हो ना, ४१ मध्ये असंच व्हायचं. ४३ पर्यंत थांब, ला-५ एफएन येईल." पुढे एक स्माइली पण टाकली. त्यावर काही आलं नाही. थोड्या वेळाने तो सर्व्हरवरून गेलेला दिसला.

दोन दिवसांनी आमच्या ग्रुपमध्ये सहज विषय निघाला. ग्रुपमध्ये एक जण आहेत, सगळे त्यांना काका म्हणतात, वयाने मोठे आहेत आणि माइकवर फार कमी बोलतात, पण बोलले की ऐकावं लागतं. मी गंमत म्हणून सांगत होतो की काल-परवा एकाला असा स्वच्छ मारला, त्याने नुसतं ४१ लिहिलं, मी त्याला म्हटलं ४३ पर्यंत थांब. दोघंतिघं हसले. काकांनी विचारलं, "काय उडवत होता रे तो?" म्हटलं इशाक, म्हणजे आय-१६. "टेकऑफ करून किती वेळ झाला होता त्याला?" म्हटलं झालाच नव्हता, डुलत डुलत वर येत होता. काका थोडा वेळ गप्प, मग म्हणाले, "अरे, चव्वेचाळीस असतात त्याचे."

मला पटकन कळलंच नाही. आणि मग कळलं.

आय-१६ ची चाकं आत घ्यायला बटन नव्हतं, पंप नव्हता. कॉकपिटमध्ये उजव्या हाताला एक हँडल होतं आणि ते ४४ वेळा फिरवायला लागायचं, तेव्हा कुठे केबल गुंडाळत गुंडाळत चाकं पोटात जायची. उजवा हात हँडलवर म्हणजे स्टिक डाव्या हातात. जमिनीपासून नुकतं उठलेलं, जरा बोट लावलं तरी वळणारं विमान, ते डाव्या हाताने धरायचं आणि उजव्या हाताने विहिरीवरच्या रहाटासारखं फिरवत बसायचं. प्रत्येक फेरीला अंग हलणार, अंग हललं की दुसरा हात हलणार, नाक वरखाली होणार. त्या काळात आकाशात डुलत चाललेलं इशाक दिसलं की ओळखायचं, चाकं घेतंय. कधी केबल अडकायच्या, म्हणून पायलट सोबत पक्कड ठेवायचे, तोडायला. आम्ही उडवतो त्या सिममध्येसुद्धा एका फेरीला एकदा बटन दाबायला लागतं, आणि ते बटन लोक जॉयस्टिकवरच बसवतात, त्यामुळे दर दाबाला स्टिक थोडी हलते, आणि मॉनिटरवरचं विमान अगदी तसंच डुलतं. हे मला माहीत होतं. वाचलेलं होतं, कोणाला तरी सांगितलेलं सुद्धा होतं. डुलणारं विमान समोर दिसलं तेव्हा मात्र मला फक्त सोपं टार्गेट दिसलं.

म्हणजे तो मोजत होता. तीन राहिले होते.

असल्या कामाला आमच्याकडे व्हल्चिंग म्हणतात, गिधाडावरून आलेला शब्द. धावपट्टीवरच्या किंवा नुकत्याच उठणाऱ्या विमानावर टपून बसायचं. मराठीत गिधाडगिरी म्हणावं. मी केलं ती काही नियमाने गिधाडगिरी नव्हती, चाकं जमिनीपासून सुटली होती, मी टपून बसलो नव्हतो, योगायोगाने दिसला, असं मी स्वतःला बराच वेळ समजावत होतो. पण मला लागलं ते मारण्याचं नाही. लागली ती स्माइली. त्याने एका आकड्यात अख्खी गोष्ट सांगितली होती, जरा विनोदही होता त्यात, आणि मी त्याला इतिहासाचा क्लास घेतला.

लहानपणी आम्ही भावंडं विमानांचे पत्ते खेळायचो. प्रत्येक पत्त्यावर एक विमान आणि खाली आकडे, वेग, उंची, पल्ला, वजन. आपल्या हातातल्या पत्त्यावरचा एक आकडा बोलायचा, समोरच्यापेक्षा मोठा निघाला की त्याचा पत्ता आपला. माझा मावसभाऊ कायम वेगच बोलायचा. त्याच्याकडे कुठलंतरी जेट असायचं आणि माझ्याकडे दुसऱ्या महायुद्धातलं पंख्याचं काहीतरी, आणि मी हरलेला पत्ता देताना तो दोन सेकंद जास्त बघून घ्यायचो कारण चित्र सुंदर असायचं. कडा झिजलेल्या त्या पत्त्यांना एक गुळगुळीत वास होता. आता इतक्या वर्षांनी वाटतं की मी अजून तेच खेळतोय. महागडी पेडल्स घेतली, डोकं हलवलं की कॅमेरा हलतो असं यंत्र घेतलं, आणि रात्री जागून हे विमान विरुद्ध ते विमान, चढण्याचा वेग किती, वळायला सेकंद किती, तोफेच्या गोळ्या किती. पत्तेच.

आणि गंमत म्हणजे खऱ्या वायुदलांनीही हे पत्ते खेळून बघितलेत. नोव्हेंबर १९३९ मध्ये एक बीएफ-१०९ ई फ्रान्समध्ये धडधाकट उतरलं, चुकून, आणि ते फ्रेंचांकडून ब्रिटिशांच्या हातात गेलं. त्यांनी स्पिटफायरशी त्याची रीतसर जुंपणी लावली, कोण कोणाच्या मागे राहू शकतो, कोण आत वळतो. निष्कर्ष, आपलं चांगलं वळतं. इकडे १९४० मध्ये जर्मनांनी पकडलेलं स्पिटफायर रेख्लिनच्या चाचणी केंद्रात उडवून पाहिलं, त्यांचा नावाजलेला पायलट वेर्नर म्योल्डर्स स्वतः बसला. त्याचं म्हणणं असं की हाताला हलकं आहे, वळणात खोट काढायला जागा नाही, पण लढायचं विमान म्हणून बेकार. का, तर स्टिक झटक्यात पुढे ढकलली की इंजिन बंद पडतं. एकच विमान, आणि दोघांनी दोन वेगळे आकडे बोलले.

ते इंजिन बंद पडणं मी सिममध्ये किती वेळा भोगलंय. इंग्लिश खाडीचा मॅप, मी स्पिटफायरमध्ये, समोर एमिल, म्हणजे १०९ ई, बरोबर मापात आलेला, आणि तो नाक खाली टाकून सरळ पडतो. मीही स्टिक पुढे. लगेच 'फट्' असा आवाज, खोकला, एक्झॉस्टमधून काळा धूर, हेडफोनमधला मर्लिनचा, म्हणजे स्पिटफायरच्या इंजिनाचा, तो भरलेला स्वर गायब आणि नुसता वारा. दीड-दोन सेकंद. तेवढ्यात एमिल बिंदू झालेला असतो. कारण साधं आहे, मर्लिनच्या कार्ब्युरेटरमध्ये तरंगणारा फ्लोट होता, पोटात गोळा येईल असा झटका बसला की पेट्रोल वर जाऊन बसायचं, आणि जर्मन इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जायचं, त्याला उलटसुलट सगळं सारखं. १९४० चे पायलट म्हणूनच आधी विमान पाठीवर टाकायचे आणि मग खाली खेचायचे, म्हणजे झटका उलटा बसत नाही. १९४१ मध्ये बीट्रिस शिलिंग नावाच्या इंजिनियर बाईंनी एक छोटीशी भोक असलेली चकती काढली, जास्तीचं पेट्रोल अडवणारी, आणि बराचसा प्रश्न मिटला. या बाई मोटरसायकलच्या रेसही मारायच्या, ब्रुकलंड्सच्या ट्रॅकवर ताशी १०० मैलांच्या वर लॅप काढलेला. मला नेहमी वाटतं की स्पिटफायर विरुद्ध १०९ यावर रात्रभर भांडणाऱ्या आम्हा लोकांना एका चकतीने गप्प करायला हवं होतं. मॅचअप कसली, वॉशर आहे तो.

पण आमच्या सर्व्हरवर १९४० ची सगळ्यात मोठी गोष्ट नसतेच. पेट्रोल. खऱ्या एमिलला लंडनवर पोचल्यावर लढायला दहा मिनिटं मिळायची, फार तर थोडी जास्त. मग लाल दिवा, आणि खाली थंड खाडी. म्हणजे त्या पायलटचं अर्धं लक्ष समोरच्या स्पिटफायरवर आणि अर्धं काट्यावर. आम्ही काय करतो? टाकी तीस टक्के भरतो. जास्त कशाला, विमान जड होतं, वळत नाही. फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या कॅलेवरून उठायचं, खाडीच्या मध्यावर भेटायचं, एकमेकांना पाडायचं, पडलो तर बटन दाबून परत कॅलेवर. मग त्या तीस टक्के टाकीवर मी एमिल कसा वळवला याची फुशारकी मारायची. आणि मुद्दा असा की मी हे सगळं समजून उमजून करतो, उद्याही करणार, कारण शंभर टक्के टाकी घेऊन अर्धा तास जायचं आणि अर्धा तास यायचं आणि मध्ये काहीच नाही घडायचं, हे करायला एकदा बसलो होतो, घरी परतताना झोप लागली.

ब्रूस्टर बफेलो हे विमान पत्त्यांमध्ये कोणाला नको असायचं. जाडं, बॅरलसारखं. पॅसिफिकमधल्या मिडवे बेटावर १९४२ च्या जूनमध्ये अमेरिकन मरीन्सनी एका सकाळी त्यातली १३ गमावली, समोर जपानी झिरो फायटर होते. मलायात ब्रिटिशांचंही तेच. सर्व्हरवर कोणी बफेलो घेऊन आला की लोक हसतात, मीही हसलोय. आणि हेच विमान फिनलंडने घेतलं होतं, ४४ नग. नौदलाचं सामान काढलेलं, त्यामुळे हलकं. इंजिन तेल फेकायचं, तर तिथल्या मेकॅनिक लोकांनी पिस्टनची एक रिंग उलटी बसवून बघितली, चाललं. २४ नंबरच्या स्क्वाड्रनने १९४१ पासून १९४४ पर्यंत साडेचारशेच्या वर सोव्हिएत विमानं पाडल्याचा दावा केला, आणि हवेतल्या लढाईत आपली पंधराच्या आसपास घालवली. दाव्यातून थोडं कापा, प्रत्येक देशाचे दावे फुगलेले असतात, तरी हिशोब कुठल्या कुठे जातो. फिन्स त्याला आकाशातला मोती म्हणायचे. समोर काय होतं? सुरुवातीला बरीचशी आय-१६ आणि त्याच पिढीची बाकीची. वर थंड हवा, म्हणजे इंजिन तापण्याची कटकट कमी, खाली आपलीच जंगलं, आणि पायलट असे की जे कित्येक वर्षं चार-चारच्या सैल रांगेत उडण्याचा सराव करत होते. तेच बॅरल. पत्त्यावरचे आकडे तेच.

पी-३९ या अमेरिकन फायटरचंही असंच, अमेरिकन नाकं मुरडत होते आणि सोव्हिएत पायलट पोक्रिश्किन त्यात बसून जर्मन पाडत होता, कारण पूर्वेकडची मारामारी खालच्या उंचीवर चालायची आणि पी-३९ ची सगळी बोंब वरच्या उंचीवर होती. यावर फार लिहायला नको, सगळ्यांना माहीत आहे.

झिरोचं मात्र मला टोचतं. आमच्यात नवीन माणूस आला की त्याला पहिला धडा हाच देतात, झिरोशी वळायचं नाही, वेगात खाली जायचं आणि उजवीकडे पलटी मारायची, वेगात झिरोला उजवीकडे पलटता येत नाही. मीच कितीजणांना सांगितलंय, टाळी वाजवल्यासारखं. हे कळलं कुठून? ४ जून १९४२ ला तादायोशी कोगा नावाच्या पायलटचं झिरो अलास्काजवळच्या अल्यूशन बेटांपैकी अकुतानवर उतरलं. तेल गळत होतं, खाली हिरवं सपाट गवत दिसलं, चाकं खाली करून उतरला. ती दलदल होती. चाकं रुतली, विमान पाठीवर उलटलं, मान मोडली. सोबतच्या दोघांना हुकूम होता की शत्रूच्या मुलखात पडलेलं झिरो जाळून टाकायचं, पण कोगा आत जिवंत असेल असं वाटून त्यांना विमानावर गोळ्या घालवल्या नाहीत, ते निघून गेले. तो १९ वर्षांचा होता. १० जुलैला एका अमेरिकन विमानातून ते दिसेपर्यंत महिनाभर तसाच उलटा लटकलेला. मग विमान काढलं, दुरुस्त केलं, सप्टेंबरमध्ये सॅन डिएगोला उडवलं, आणि कागदावर आलं, दोनशे नॉटच्या वर पंखांची कंट्रोल्स घट्ट होतात, डावीपेक्षा उजवी पलटी जड जाते, स्टिक पुढे टाकली की इंजिन बंद पडतं. मर्लिनसारखंच. तो कागद आज आमच्या सिमच्या कोडमध्ये आहे. मी वेगात उजवीकडे पलटी मारतो, मागचा झिरो सुटतो, मी हसतो, व्हॉइसवर कोणीतरी 'मस्त रे' म्हणतं. दोघा मित्रांनी दया दाखवली म्हणून. बरं, हे आठवून मी पलटी मारायची थांबवतो का? नाही.

फेअर हा शब्द आमच्यात फार चालतो. सर्व्हरवर रोज रात्री कोणीतरी म्हणतंच, ही मॅचअप फेअर नाही. मग चालवणारे बिचारे काय काय करतात, चांगली विमानं मोजकीच ठेवतात, एका बाजूला माणसं जास्त झाली की तिकडे जाऊ देत नाहीत, इंजिनाचं मॉडेल एक पायरी खाली आणतात. काही गेम तर विमानाला त्याच्या निकालावरून नंबर देतात आणि साधारण सारख्या नंबरवाल्यांना एकत्र सोडतात, साल कुठलं का असेना. त्यात मजा अशी होते की मुरलेले लोक जे विमान उडवतात ते जिंकतं, म्हणून त्याचा नंबर चढतो आणि समोर भारी विमानं यायला लागतात, आणि नवख्यांचं आवडतं विमान खालीच राहतं कारण ते त्याला नाक खाली करून जमिनीत घालतात. असल्याच एका गेममध्ये मी दोन वर्षं घालवली, वैताग येऊन सोडला, तो वेगळा विषय. म्हणायचं एवढंच की फेअर करायचा खटाटोप आम्हालाच. १९१६ मध्ये जर्मन पायलट ओस्वाल्ड ब्योल्केने नव्या पायलटसाठी नियम लिहून ठेवले, त्यातला पहिलाच, हल्ल्याच्या आधी सगळ्या सोयी आपल्या बाजूला करून घ्या, जमल्यास सूर्य पाठीशी ठेवा. म्हणजे फेअर होऊ द्यायचं नाही, हेच काम. मी त्या रात्री ब्योल्केचा अगदी गुणी विद्यार्थी होतो.

आणि समोरच्या बाजूला? ७ ऑगस्ट १९४१, मॉस्कोजवळची रात्र, व्हिक्टर तलालिखिन, वय २२, विमान आय-१६. जर्मन हाइन्केल बॉम्बरच्या मागे लागला, हाताला गोळी लागली, गोळ्या संपल्या. त्याने विमानच त्या हाइन्केलवर घातलं आणि पॅराशूटने उतरला. सोव्हिएत संघाचा वीर झाला. ऑक्टोबरच्या शेवटी मारला गेला. आमच्याकडे कोणी असं मुद्दाम धडकलं तर पहिल्यांदा ताकीद आणि दुसऱ्यांदा सर्व्हरवरून बाहेर, आणि ते बरोबरच आहे, ज्याला परत जन्म घ्यायला चार सेकंद लागतात त्याने धडकण्यात काय आहे. तरी मी तो नियम वाचतो तेव्हा तलालिखिन आठवतो आणि काय वाटतं ते नीट सांगता येत नाही.

तर काकांनी सांगितल्यावर तीन-चार रात्री मी १०९ घेतलंच नाही. पश्चात्ताप वगैरे म्हणून नाही, कुतूहल होतं. आणि थोडी अशी आशा की तो भेटेल. मॉस्कोचा मॅप आला की रशियन बाजू, आय-१६, उघडं कॉकपिट. उघड्या कॉकपिटचा आवाजच वेगळा, सगळा वारा कानात, इंजिन समोर टिनाच्या डब्यात खडे घालून हलवल्यासारखं. पहिल्या रात्री सोळापर्यंत मोजलं आणि एका पंखावर पडून झाडांत गेलो. कोणी मारलं नव्हतं, माझं मीच. दुसऱ्या रात्री सत्तावीस, तेव्हा वरून कोणीतरी आलं. दिसला नाही. दिसणार कसा, बटन दाबताना डोकं वळवलं की ट्रॅकरमुळे कॅमेरा झोकांडतो आणि नाक कुठे आहे हे कळत नाही, त्यामुळे माणूस समोरच बघत बसतो, क्षितिजाच्या रेषेकडे, आणि मोजतो. पाठीत काहीतरी आहे असं सारखं वाटतं. मान आखडते. घरात, खुर्चीत, पंखा चालू असताना मान आखडते. मी चॅटमध्ये "२७" टाइप करणार होतो, पण समोरचा कोण, त्याला काय कळणार, म्हणून खोडलं.

चौथ्या रात्री सर्व्हरवर जेमतेम आठ-नऊ जण. काका व्हॉइसवर होते, दुसऱ्या फील्डवरून बॉम्बर नेत होते. मी उठलो. एक, दोन, तीन. तेराला जरा झोल गेला, सावरला. वीस. एकवीस. बोटाचं टोक दुखायला लागलं, मी अंगठ्याने दाबायला लागलो. तीस. झाडं गेली, नदी आली, बर्फावरून माझी सावली आधी बरोबर आणि मग हळूहळू मागे. एक्केचाळीसला मी नकळत श्वास धरला. बेचाळीस. त्रेचाळीस. चव्वेचाळीसला पोटाखाली 'खट्' झालं आणि काटा उजवीकडे सरकायला लागला, विमान एकदम गपचूप सरळ चाललं, अंगातलं भूत उतरल्यासारखं. मी मान वळवून वर बघितलं, मागे बघितलं, सूर्याकडे हात आडवा धरावा तसा पंख आडवा करून बघितलं. कोणी नाही. अख्ख्या आकाशात एक ठिपका नाही.

"काका, घेतली," मी म्हटलं.

"काय?"

"चाकं."

"बरं," काका म्हणाले, "मग आता वर ये, मला एस्कॉर्ट कोणी नाही."

मी चढायला लागलो. त्या विमानात चढणं म्हणजे जिना चढणंच, काही घाई नाही. हजार मीटर, दीड हजार. दोन हजारला ढगाच्या खाली पोचलो तर मधोमध पिवळी अक्षरं आली, मिशन पाच सेकंदांत संपत आहे. मी घाईघाईत चॅट उघडून "४४" टाइप केलं आणि एंटर मारलं. खाली कोणीतरी नुसतं प्रश्नचिन्ह टाकलं. मग स्क्रीन काळी, आणि पुढचा मॅप लोड झाला, कुबान, १९४३. विमानांची यादी वरपासून खालपर्यंत दोनदा बघितली. आय-१६ त्यात नव्हतं.